विपश्यनेतील अवघड टप्पे आणि घरी परतलेला साधक

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जाणारी मराठी माणसे बहुतेक वेळा सीमा ओलांडून कोल्हापूर जिल्ह्यातील आळते येथील धम्मालयात, नाहीतर थेट इगतपुरीच्या धम्मगिरीवर जातात. शिबिरात पहाटे चारला घंटा होते, दिवसाकाठी सुमारे दहा तास ध्यानाला बसावे लागते, नऊ दिवस मौन पाळले जाते आणि काही अडले तर सहायक आचार्यांना, म्हणजे शिबिर चालवणाऱ्या शिक्षकांना, त्याच दिवशी विचारता येते. अकराव्या दिवशी सकाळी साधक घरची वाट धरतो आणि सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसण्याचा संकल्प करून एकट्याने साधना चालू ठेवतो. साधनेतील सर्वांत अवघड काळ पुष्कळदा त्यानंतर, घरच्या खोलीत सुरू होतो. वडगावात यंत्रमागावर किंवा निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवसभर राबून संध्याकाळी बैठक घालणाऱ्या माणसाला एकाएकी अकारण भीती वाटू लागते, घरच्या माणसांत मन रमेनासे होते, जेवणाची चव जाते, आणि हे साधनेमुळे होते आहे, आजारामुळे होते आहे की आपलेच काही चुकते आहे, हे सांगणारे जवळपास कोणी नसते. अशा साधकासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी हा लेख लिहिला आहे.

या अवस्थांची नोंद बौद्ध परंपरेने फार पूर्वीच करून ठेवली आहे. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत पाली भाषेत ‘विशुद्धिमग्ग’ हा ग्रंथ रचला. (आपल्या शेजारच्या गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी, १८७६ ते १९४७, हे या ग्रंथाच्या संपादकांपैकी एक होते, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते.) ग्रंथाची मांडणी मज्झिम निकाय या बुद्धोपदेशांच्या संग्रहातील रथविनीत सुत्तात आलेल्या सात विशुद्धींवर, म्हणजे शुद्धीच्या सात पायऱ्यांवर, उभी आहे. पहिली विशुद्धी शीलाची, दुसरी चित्ताची आणि उरलेल्या पाच प्रज्ञेच्या आहेत. या प्रज्ञेच्या वाटेवर क्रमाने उमटणारी ज्ञाने पुढच्या परंपरेने सोळा मोजली. येथे ज्ञान म्हणजे वाचून मिळालेली माहिती नव्हे, तर शरीर आणि मन यांच्यात घडणाऱ्या गोष्टी प्रत्यक्ष पाहताना येणारी समज होय. विसाव्या शतकात ब्रह्मदेशातील महासी सयाडो (१९०४–१९८२) यांनी हाच क्रम साधकांच्या अनुभवांच्या आधारे पुन्हा विस्ताराने मांडला. सयाजी ऊ बा खिन (१८९९–१९७१) यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) यांच्या शिबिरांत मात्र हे टप्पे मोजायला शिकवत नाहीत. संवेदना सुखद असो वा दुःखद, ती अनित्य आहे हे जाणून समता राखावी, एवढेच पुन्हा पुन्हा सांगितले जाते. पोटाच्या वर-खाली होण्याची मनात नोंद घेत जाणारी महासींची पद्धत आणि डोक्यापासून पायांपर्यंत संवेदना पाहत जाणारी गोयंकांची पद्धत यांत फरक असल्यामुळे पुढे दिलेले वर्णन प्रत्येकाच्या अनुभवाशी तंतोतंत जुळेलच असे नाही. आपल्या भागातील बहुतेक साधक दुसऱ्या पद्धतीचे आहेत, हे ध्यानात ठेवून ते वाचावे.

सुरुवातीची तीन ज्ञाने फारशी त्रासदायक नसतात. जाणले जाणारे शरीर आणि जाणणारे मन हे वेगवेगळे दिसू लागतात. मग पाय हलण्याआधी हलवण्याची इच्छा उठते असे कार्यकारण लक्षात येते. आणि त्यानंतर अनित्य (काहीच टिकत नाही), दुःख (म्हणून कशातच समाधान नाही) आणि अनात्म (यांत ‘मी’ किंवा ‘माझे’ असे काही नाही) ही तीन लक्षणे अनुभवातून कळू लागतात. तिसऱ्याच्या सुमारास अंग दुखणे, खाज, जडपणा यांचा जोर वाढतो खरा, पण त्याबद्दल शिबिरात पुरेसे सांगितलेले असते.

चौथे उदयव्यय-ज्ञान, म्हणजे प्रत्येक गोष्ट उत्पन्न होते आणि नाहीशी होते हे वेगाने व स्पष्टपणे दिसणे. येथे साधकाला फार आनंद होतो, आणि पुढच्या अडचणीचे बीजही याच आनंदात असते. विशुद्धिमग्गात या टप्प्यावरचे दहा उपक्लेश, म्हणजे साधना मलिन करू शकणाऱ्या गोष्टी, सांगितले आहेत: प्रकाश दिसणे, बुद्धीला विलक्षण धार येणे, प्रीती, शांतता, सुख, दृढ श्रद्धा, उत्साह, अखंड स्मृती, उपेक्षा आणि या सर्वांविषयी वाटणारी सूक्ष्म आसक्ती. यांतील शेवटची आसक्ती सोडली तर बाकीच्या नऊ गोष्टी स्वतःहून वाईट नाहीत. आपल्याला मोक्षच मिळाला असे साधकाला वाटू लागते, तेव्हा त्या अडसर ठरतात. या दिवसांत झोप कमी लागूनही ताजेतवाने वाटते, भेटेल त्याला विपश्यना सांगावीशी वाटते, नोकरी सोडून पूर्ण वेळ धम्मसेवा करावी असे विचार येतात. खानापूरकडच्या एखाद्या शिक्षकाने या भरात स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरला, तर पुढच्या टप्प्यावर तोच निर्णय त्याला असह्य वाटू शकतो. म्हणूनच बुद्धघोषांनी पाचव्या विशुद्धीला मार्ग कोणता आणि अमार्ग कोणता हे ओळखण्याची विशुद्धी म्हटले आहे. प्रकाश आणि आनंद हे मार्ग नाहीत, त्यांनाही उत्पन्न होऊन जाणाऱ्या गोष्टींप्रमाणेच पाहायचे आहे, हे उमगले की ही विशुद्धी साधते.

त्यानंतरचे भंग-ज्ञान बहुतेकांना साधना बिघडल्यासारखे वाटते. आतापर्यंत गोष्टी उत्पन्न होताना आणि नाहीशा होताना, अशा दोन्ही बाजूंनी दिसत होत्या; आता फक्त नाहीसे होणेच दिसते. लक्ष द्यावे त्याच क्षणी संवेदना विरलेली असते, हातापायांचा आकार जाणवेनासा होतो, आणि आपली एकाग्रता गेली असे साधक सांगतो. वस्तुतः त्याचे लक्ष अधिक सूक्ष्म झालेले असते. गोयंकांच्या शिबिरात भंग हा शब्द प्रामुख्याने सगळ्या शरीरात सूक्ष्म तरंगांचा मोकळा प्रवाह वाहण्याच्या अनुभवासाठी वापरला जातो, आणि तो अनुभव सुखद असतो. त्यामुळे ज्याला तो एकदा आला आणि नंतर फक्त विरणे व पोकळपणा जाणवू लागला, तो आधीचा प्रवाह परत आणण्याची धडपड करत राहतो. ही धडपडच त्याला सर्वाधिक थकवते.

येथून पुढे ज्यांना परंपरेत दुःख-ज्ञाने म्हणतात ती सुरू होतात. प्रथम भय: सर्व काही मोडते आहे हे सतत दिसल्याने मनाला आधार उरत नाही. मग आदीनव, म्हणजे या मोडणाऱ्या गोष्टींतील दोष दिसणे. मग निर्विदा, म्हणजे त्यांचा वीट येणे. विशुद्धिमग्ग सांगतो की ही तिन्ही अर्थाने एकच आहेत, फक्त नावे वेगळी. म्हणून आपण नेमक्या कोणत्या टप्प्यावर आहोत याचा हिशेब करण्यात फारसा अर्थ नसतो. एरवीच्या आयुष्यात या अवस्था साध्या रूपात दिसतात. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेले असताना ही सगळी माणसे एक दिवस नसतील, या विचाराने डोळे भरून येतात. पगार, बढती, जागेचा व्यवहार या कशाचेच काही वाटेनासे होते. रात्री दचकून जाग येते. साधकाला याची लाज वाटते, कारण ध्यानाने शांती मिळते अशीच त्याची समजूत असते आणि घरच्यांनाही त्याने तेच सांगितलेले असते.

या भयाविषयी विशुद्धिमग्गात एक प्रश्न विचारला आहे, जो मला या सगळ्या विषयाचे मर्म वाटतो. भय दिसण्याचे हे ज्ञान स्वतः घाबरते का? उत्तर असे की ते घाबरत नाही. नगराच्या वेशीवर निखाऱ्यांचे तीन खड्डे असावेत आणि डोळस माणसाने ते पाहावेत; यांत पडेल तो होरपळेल हे तो जाणतो, पण पाहताना स्वतः भयभीत होत नाही. म्हणजे भीतिदायक गोष्ट स्पष्ट दिसणे ही एक घटना आणि छातीत धडधडून घाबरून जाणे ही दुसरी. प्रत्यक्षात साधकाच्या बाबतीत या दोन्ही एकत्र येतात, आणि छातीतील धडधड, पोटातील गोळा, सुकलेला घसा याही संवेदना आहेत हे पाहता आले, तर त्या हळूहळू वेगळ्या होतात. हे नेहमी साधेलच असे नाही. न साधल्यास काय करावे हे पुढे सांगितले आहे.

आपल्या भागातल्या माणसाला निर्विदेची कल्पना तशी परकी नाही. चिकोडी-निपाणीकडच्या जैन घरांत बारा भावनांचे चिंतन चालते आणि त्यांतली पहिली अनित्य भावनाच आहे. वारकऱ्यांच्या अभंगांतही प्रपंचाचा वीट वारंवार येतो. परंतु या परिचयात एक धोका आहे. निर्विदेला वैराग्य समजून घरातली माणसे तिचे कौतुक करू शकतात, किंवा साधक स्वतःच मुलाबाळांविषयीच्या आपल्या तुटकपणाला मोठेपणा समजू शकतो. परंपरेत जो वीट अभिप्रेत आहे तो बनणाऱ्या-मोडणाऱ्या गोष्टींना चिकटण्याचा आहे. माणसांविषयी मन कडवट होत असेल, तर त्यात द्वेष मिसळला आहे हे ओळखावे.

पुढचे ज्ञान मुक्त होण्याच्या इच्छेचे आणि त्यानंतरचे प्रतिसंख्या, म्हणजे पुन्हा नीट पाहण्याचे. बैठकीच्या दृष्टीने हा काळ सर्वांत खडतर असतो. आधी नाहीशी झालेली दुखणी परत येतात, पाच मिनिटे एका जागी बसवत नाही, कोणतीही मांडी नकोशी वाटते, आणि गाशा गुंडाळून उठावे असे तीव्रतेने वाटते. ब्रह्मी ध्यानकेंद्रांत साधक या सुमारास खरोखरच चटई गुंडाळून घरी निघतात असे सांगितले जाते. बुद्धघोषांनी येथे एका माणसाची गोष्ट दिली आहे. तो मासे धरण्याचे जाळे पाण्यात लावतो, आत हात घालतो आणि मोठा मासा हाती लागला म्हणून हरखतो. वर काढल्यावर सापाची तीन चिन्हे दिसतात आणि आपण सापाची मान धरली आहे हे त्याला कळते. आता त्याला साप सोडायचा आहे, पण नुसती मूठ उघडली तर तो डसेल. म्हणून तो त्याला डोक्यावर गरगर फिरवून दुर्बळ करतो, दूर भिरकावतो आणि मग काठावर येऊन मागे वळून पाहतो. सोडण्याची इच्छा आणि सोडण्याची रीत यांत अंतर आहे, ही गोष्ट त्याहून चांगल्या रीतीने सांगता येईल असे मला वाटत नाही. बैठक मोडून पळणे म्हणजे नुसती मूठ उघडणे होय. पुन्हा त्याच तीन लक्षणांकडे, त्याच अस्वस्थतेकडे, थोड्या थोड्या वेळाने पाहणे ही रीत आहे.

त्यापुढे संस्कार-उपेक्षा, म्हणजे बनणाऱ्या-मोडणाऱ्या सर्व गोष्टींविषयी (परंपरेत यांनाच संस्कार म्हणतात) समभाव येतो. मन सुखाकडे ओढ घेत नाही, दुःखापासून पळत नाही, आणि बैठक आपोआप लांबते. तरीही साधक तेथे टिकतोच असे नाही. दिशा शोधण्यासाठी जहाजावरून सोडलेला कावळा जमीन दिसेपर्यंत जसा पुन्हा पुन्हा डोलकाठीवर परततो, तसे हे ज्ञान निर्वाण दिसेपर्यंत पुन्हा संस्कारांकडेच परतते असे विशुद्धिमग्गात म्हटले आहे. व्यवहारात आजची बैठक समतेची आणि उद्याची भयाची, असे महिनोन्महिने चालू शकते. काहींना दुःख-ज्ञाने जेमतेम जाणवतात, काहींना फार छळतात. यावरून कोणाची योग्यता ठरत नाही.

या वर्णनाचा एक दुरुपयोग होतो आणि तो गंभीर आहे. सोळा ज्ञानांची यादी हाती आली की माणूस आपल्या प्रत्येक उदासीला त्यांतले एखादे नाव देऊ लागतो. मुलीच्या लग्नाच्या कर्जाने आलेली चिंता, थायरॉइडच्या विकाराने आलेला थकवा, नवऱ्याच्या दारूने आलेली निराशा यांना दुःख-ज्ञान म्हणून बैठक वाढवत नेणे हे स्वतःचे नुकसान करून घेणे आहे. जुन्या परंपरेत टप्प्यांची ओळख पटवणे हे मुख्यतः गुरूचे काम होते. महासींच्या पद्धतीत साधक आपला अनुभव सांगत असे, गुरू ऐकून पुढची सूचना देत असे, आणि आपण कोणत्या टप्प्यावर आहोत हे साधकाला आधी कळू दिले जात नसे. घरी एकट्याने बसणाऱ्याने या यादीचा उपयोग एवढाच करावा: असे अनुभव इतरांनाही आले आहेत आणि ते जातात, हा दिलासा घ्यावा.

ध्यानाने अपाय होऊ शकतो ही गोष्ट परंपरेने लपवलेली नाही. संयुत्त निकाय या उपदेशसंग्रहात आणि विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथात, वैशालीची घटना नोंदलेली आहे. बुद्धांनी भिक्षूंना देहाच्या अशुभत्वाचे ध्यान सांगितले आणि ते स्वतः पंधरा दिवस एकांतात गेले. परत येऊन पाहतात तो भिक्षुसंघ विरळ झालेला; देहाची किळस अनावर झाल्याने अनेकांनी आपले जीवन संपवले होते. तेव्हा बुद्धांनी उरलेल्यांना एकत्र बोलावून आनापानसती, म्हणजे श्वासाच्या स्मृतीचे शांत आणि सुखद ध्यान शिकवले. ज्यांना अजून जोर लावा असे सांगितले जाते, त्यांनी ही घटना लक्षात ठेवावी. अशा वेळी स्वतः बुद्धांनीही ध्यानाचा विषय बदलला होता.

अलीकडच्या काळात संशोधकांनीही याकडे लक्ष दिले आहे. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या जेरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांनी सहकाऱ्यांसह २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६० बौद्ध साधकांच्या मुलाखती घेऊन ध्यानातील अवघड अनुभवांचे ५९ प्रकार नोंदले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, ८३ अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या एका लेखात ध्यान करणाऱ्यांपैकी सुमारे आठ टक्के लोकांना काही ना काही प्रतिकूल परिणाम जाणवल्याचा अंदाज मांडला आहे. त्यांत चिंता आणि उदासी यांचे प्रमाण सर्वाधिक होते.

मग टप्पा कोणता आणि आजार कोणता, हे घरी कसे ओळखावे? माझ्या मते दिवसभराच्या व्यवहाराकडे पाहावे, कारण बैठकीतील अनुभव दोन्हीकडे सारखेच असू शकतात. साधक मनातून खचलेला असूनही कामावर जातो, जेवतो, रात्री बऱ्यापैकी झोपतो, आपल्याला काय वाटते हे सुसंगतपणे सांगू शकतो आणि बैठक कमी केल्यावर त्याला थोडे हलके वाटते, तर वाट पाहण्यास हरकत नाही. परंतु अनेक रात्री दोन-तीन तासांवर झोप लागत नसेल, इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येत असतील, शेजारी किंवा घरचे आपल्या वाईटावर आहेत असा संशय पक्का होत असेल, आपल्याला सिद्धी प्राप्त झाली असे तो मानत असेल, अन्नपाणी तुटले असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर ध्यान त्याच दिवशी थांबवून मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. बेळगावच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा उपलब्ध आहेत. आधीपासून मानसिक आजाराचे औषध चालू असेल तर ते ध्यानासाठी कधीही बंद करू नये, आणि शिबिराच्या अर्जातील आजारासंबंधीच्या प्रश्नाचे उत्तर खरे द्यावे; दहा तास मौनात बसणे अशा माणसाला झेपणार नाही म्हणूनच तो प्रश्न विचारलेला असतो.

आजार नाही, पण टप्पा अवघड आहे, अशा साधकाने बैठकीचा वेळ कमी करण्यात कमीपणा मानू नये. तासाऐवजी वीस मिनिटे बसावे, हवे तर डोळे अर्धे उघडे ठेवावेत. शरीरभर संवेदना पाहत फिरणे असह्य होत असेल तर काही दिवस केवळ श्वासावर राहावे आणि शेवटी मंगल मैत्रीला, म्हणजे सर्वांचे भले होवो या भावनेला, अधिक वेळ द्यावा. बसवत नसेल त्या दिवशी सावकाश चालावे आणि तळव्यांचा जमिनीला होणारा स्पर्श जाणावा. भाकरी थापणे, भांडी घासणे, शेतात भांगलण करणे ही कामे हातांकडे लक्ष ठेवून करणे हीसुद्धा साधनाच आहे. या काळात उपवास धरू नयेत, जागरणे करू नयेत, आणि घरातच एकट्याने मोठे मौन-शिबिर लावण्याचा विचार दूर ठेवावा. गुडघा किंवा मांडी बधिर होत असेल तर खुर्चीवर बसावे. नोकरी सोडणे, जमीन विकणे, घर सोडणे, नाते तोडणे, दीक्षा घेणे असे निर्णय काही महिने पुढे ढकलावेत, मग ते आनंदाच्या भरात सुचलेले असोत वा विटाच्या. जवळ जेथे साप्ताहिक सामूहिक साधना होते तेथे जावे, आणि ज्या केंद्रावर शिबिर केले तेथे पत्र लिहून किंवा फोन करून सहायक आचार्यांना आपली स्थिती सविस्तर कळवावी. जुन्या साधकाने असे विचारणे त्यांना अपेक्षितच असते.

घरच्यांसाठी थोडे. ‘सोड ते ध्यान’ असे रागाने म्हटले तर साधक लपून बसू लागतो, आणि ‘तू तर फार पुढे गेलास’ असे म्हटले तर त्रास सांगेनासा होतो. त्याऐवजी रात्री किती झोप लागली, दुपारी काय खाल्ले, आज किती वेळ बसलास, हे साधेपणाने विचारावे आणि उत्तरे काही दिवस लक्षात ठेवावीत, कारण डॉक्टरांनाही आणि आचार्यांनाही याच माहितीचा उपयोग होतो. डॉक्टरांना ध्यान चालू असल्याचे आणि आचार्यांना औषध चालू असल्याचे, दोघांनाही स्पष्ट सांगावे. साधक स्वतः सांगण्याच्या स्थितीत नसेल, तर त्याच्यासोबत जाणाऱ्या माणसाने सांगावे.